नदीकाठच्या मुलांच्या हाती वल्हे द्या

महोदय,

गोव्यात २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या, तेव्हा रोइंगच्या, म्हणजे नावा वल्हवण्याच्या शर्यती आमच्या शापोरा नदीवर झाल्या. मी तीस वर्षे बार्देशातील एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवले आणि माझे सगळे बालपण याच नदीच्या काठावर, तारी असलेल्या वडिलांच्या होडीत गेले. तरीही चौघांची वल्ही नेमकी एकाच क्षणी पाण्यात शिरताना होणारा तो एकच आवाज मी आयुष्यात प्रथम तेव्हा ऐकला. शेजारी आमच्या वाड्यावरची एक मुलगी उभी होती. तिचे आजोबा पागी, म्हणजे मासेमारी करणारे. ती म्हणाली, "टीचर, ही सगळी पाठमोरी बसून जातात, मग पुढचे कोण पाहते?" मी सांगितले की चौघांच्या नावेत एकजण अधूनमधून मान वळवून पाहतो, आठ जणांच्या नावेत सुकाणू सांभाळणारा वेगळा कॉक्स असतो, आणि बाकीच्यांनी पुढच्याच्या पाठीकडे नजर ठेवून त्याच्या लयीत वल्हे मारायचे असते. तिने थोडा विचार केला आणि विचारले, "मग आम्हांला कधी बसायला मिळणार?" त्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी तेव्हा नव्हते आणि आजही नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

वडिलांची होडी आंब्याच्या लाकडाची होती. तळाशी नेहमी थोडे पाणी साचलेले असे आणि ते करवंटीने उपसून टाकण्याचे काम माझे होते. बाजाराला निघालेल्या मासळीवाल्या, पूजेला चाललेले भटजी, मिस्साला जाणाऱ्या म्हाताऱ्या बायका, शाळेची मुले असे सगळे त्या एकाच फळीवर गुडघ्याला गुडघा लावून बसत, कारण होडीत वेगळे बसायला जागाच नसते, आणि एकजण एका बाजूला कलला की बाकीच्यांनी आपोआप दुसरीकडे भार टाकावा लागतो. पूल झाला, रस्ते झाले, आणि वडिलांचे वल्हे पडवीत आढ्याला टांगले गेले. पुलाबद्दल माझी तक्रार नाही. आजारी माणसाला मध्यरात्री पलीकडे नेताना वडिलांची काय दशा होई ते मी पाहिले आहे. मात्र त्यानंतर आमच्या मुलांचा नदीशी हाताने असलेला संबंध तुटला. आता वर्षातून एकदा २४ जूनला सांजांवच्या, म्हणजे सेंट जॉनच्या सणाच्या दिवशी शिवोलीत सजवलेल्या होड्या येतात, त्रिपुरारी पौर्णिमेला विठ्ठलापूरला वाळवंटीच्या पात्रात होड्या सोडल्या जातात, आणि दोन्ही ठिकाणी काठावर दाटी होते. एवढे प्रेम ज्या लोकांच्या अंगात आहे, त्यांची मुले वल्हे धरायला मात्र कुठे जातात?

वर्गात मी मुलांना दत्तू भोकनळ यांच्याबद्दल नेहमी सांगत असे. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही हे त्यांचे गाव दुष्काळी, वडील विहिरी खोदणारे. सैन्यात भरती होऊन पुण्याला आल्यावर या खेळाशी त्यांची गाठ पडली आणि सुरुवातीला त्यांना पाण्याची भीती वाटत असे. हाच माणूस २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव रोइंगपटू म्हणून उतरला आणि एकेरी स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याने दोन वल्ह्यांनी चालवायच्या नावेच्या शर्यतीत, तेरावा आला. त्या काळात त्यांची आई घरी आजारी होती. पण मला त्याहून अधिक महत्त्वाची वाटते ती २०१८ च्या आशियाई स्पर्धेतली गोष्ट. पालेमबांगला एकेरीच्या अंतिम शर्यतीत प्रकृतीने दगा दिला आणि ते शेवटी राहिले. दुसऱ्याच दिवशी, २४ ऑगस्टला, ते स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्याबरोबर चौघांच्या नावेत बसले आणि भारताला सुवर्णपदक मिळाले. स्वर्ण सिंग आणि सुखमीत सिंग पंजाबच्या मानसा जिल्ह्यातले शेतकऱ्यांच्या वस्तीतले, दत्तू कोरडवाहू नाशिकचे. आदल्या दिवशी कोसळलेल्या साथीदाराला त्याची जागा तशीच राखून ठेवणारी नाव मला शर्यतीतल्या वेळेपेक्षा मोठी वाटते. मी हे सांगत असता एका मुलाने विचारले होते, "विहिरीवाल्याचा मुलगा जाऊ शकतो तर आमचे तर घरच पाण्यात आहे ना?"

त्याच्याही आधीचा एक विद्यार्थी मला विसरता येत नाही. त्याचा एक पाय लहानपणापासून अधू. पण खांदे आणि दंड असे की रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची दोरी ओढताना मोठी माणसे त्याला आपल्या पुढे घेत. एका क्रीडा शिबिरासाठी मी त्याचे नाव पाठवले. पहिल्याच सकाळी त्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या आणि दुपारपर्यंत घरी पाठवून दिले. तो माझ्या घरी आला, पायरीवर बसला आणि एक शब्द बोलला नाही. त्या वेळी पॅरा-रोइंगबद्दल, म्हणजे अपंग खेळाडूंच्या रोइंगबद्दल मलाच काही ठाऊक नव्हते आणि याची खंत आजही वाटते. हा खेळ २००८ पासून पॅरालिंपिकमध्ये आहे. ज्यांना फक्त खांदे आणि हात वापरता येतात त्यांच्यासाठी एक गट, ज्यांना धड आणि हात वापरता येतात त्यांच्यासाठी दुसरा, आणि ज्यांना पायांचाही काही उपयोग करता येतो त्यांच्यासाठी तिसरा. पहिल्या दोन गटांच्या नावेतली बैठक न सरकणारी, पक्की बसवलेली असते. तिसऱ्या गटात चौघांच्या नावेत दोन स्त्रिया आणि दोन पुरुष एकत्र बसतात, दृष्टिहीन खेळाडूही त्यात असू शकतात, आणि कॉक्सचा आवाज सगळ्यांना एका लयीत ठेवतो. सैनिक असताना २०१५ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये भूसुरुंगाच्या स्फोटात डावा पाय गमावलेले नारायण कोंगनपल्ले आणि रस्ता अपघातात पाय गमावलेल्या अनिता या दोघांनी हांगझोच्या आशियाई पॅरा स्पर्धेत रौप्यपदक मिळवले आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये आठवा क्रमांक पटकावला. ती बातमी वाचली त्या रात्री मी माझ्या त्या विद्यार्थ्याला फोन केला. आज तो मासळीच्या बर्फाचा व्यवसाय सांभाळतो. सगळे ऐकून घेतल्यावर तो एवढेच म्हणाला, "टीचर, माझ्या मुलाला तरी दाखवा."

मुलींबद्दलही दोन शब्द लिहायला हवेत. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना हा खेळ खेळायला १९७६ उजाडावे लागले, आणि तेव्हाही पुरुषांना दोन हजार मीटर आणि स्त्रियांना एक हजार असेच अंतर होते. ते १९८८ मध्ये सारखे झाले. आमच्या काठावरच्या बायका ओहोटीला कमरेएवढ्या चिखलात उभ्या राहून तिसऱ्या (शिंपले) काढतात, मासळीच्या जड पाट्या डोक्यावर घेऊन बाजार गाठतात. त्यांच्या लेकींच्या अंगात दोन हजार मीटर वल्हवण्याची ताकद नसेल असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

माझी मागणी मोठ्या खर्चाची नाही. नदीच्या वरच्या, वारा कमी लागणाऱ्या भागात एक तरंगता धक्का, काठावर नावा ठेवण्यापुरती शेड, काही शिकाऊ नावा, त्यांतली एकतरी पक्क्या बैठकीची, आणि पोहता येणाऱ्या प्रत्येक मुलाला खुला असलेला, फी नसलेला प्रवेश एवढे पहिल्या वर्षी पुरेल. शर्यतीची एकेरी नाव अवघी चौदा किलोंची असते. दोन शाळकरी मुले ती सहज उचलून आणतात. पावसाळ्यात नदीला ओढ असते तेव्हा कोणालाही पाण्यात उतरवू नये. त्या चार महिन्यांत शाळेच्या एखाद्या खोलीत रोइंग मशीनवर सराव होऊ शकतो, आणि तिथे अधू पायाचे मूल आणि धडधाकट मूल शेजारी शेजारी बसू शकतात. शिकवण्यासाठी तज्ज्ञ प्रशिक्षक लागतीलच, पण भरती कधी पलटते आणि वाळूचा बांध कुठे सरकला आहे हे सांगायला आमचे पागी, खारवी आणि गाबीत बांधव लागतील, आणि त्या ज्ञानाचे त्यांना मानधन मिळाले पाहिजे.

आणखी एक गोष्ट संबंधितांनी ध्यानात घ्यावी. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये समुद्रकिनाऱ्यावरच्या रोइंगचा प्रथमच समावेश झाला आहे. त्यात खेळाडू वाळूवरून धावत नावेत शिरतो, लाटांमधून अडीचशे मीटर आत जाऊन वळतो, परत येतो आणि पुन्हा वाळूवर धावतो. स्त्री-पुरुषांच्या मिश्र जोडीचीही शर्यत आहे. लाट फुटण्याआधी होडी तिच्यावर कशी घालायची हे ज्या मुलांना वडिलांकडून आपसूक कळते, ती मुले या गोव्यात आहेत. मांडवीच्या पात्रात कॅसिनोच्या जहाजांना नांगरायला जागा मिळते, तर शापोरेच्या काठावर एका शेडपुरती जागा मुलांसाठी नक्कीच मिळू शकेल.

क्रीडा खात्याने किंवा पंचायतीने कोणाला पाहणीसाठी पाठवले तर जागा दाखवायला मी स्वतः येईन. भरती भरून पाणी थांबते ती सकाळची वेळ निवडावी. तेव्हा दोन हजार मीटरचा सरळ पट्टा काठावरून नीट मोजता येतो. ती मुलगी आता दहावीत आहे आणि मोजपट्टीचे दुसरे टोक धरायला ती येणार आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षिका,
बार्देश, गोवा