हिकायत आणि शिकायत

मंजे,

तीन महिने तुझ्या एकाही मेसेजला धड उत्तर दिलं नाही, रागावली असशील तर रास्तच आहे. माझी तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू आहे, बाकी काही नाही. आज लिहायला बसले कारण गुरुवारी जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही.

अण्णांचं विसरणं फार वाढलंय गं. रोज दिवेलागणीला पिशवी भरतात, टॉवेल, पंचांग, चष्म्याची रिकामी डबी, आणि दारात उभे राहतात. "मला घरी सोड." मी म्हणते अण्णा हेच आपलं घर, २२ वर्षं झाली, मग दारावरची पाटी दाखव, आईचा फोटो दाखव, शेवटी माझा आवाज चढतो, ते गप्प होतात पण पिशवी काही सोडत नाहीत. मला ती माझ्याबद्दलची तक्रारच वाटायची. एवढं करून यांना इथे परकंच वाटतं, हेच मनात घेऊन रोज झोपायचे.

गुरुवारी ते असेच दारात, आणि मला एकदम आपली होस्टेलची खोली आठवली, तू रूमीच्या सहा खंडांच्या फारसी काव्याची, मसनवीची, पहिली ओळ घोकतेयस आणि मागे स्टोव्हवर पोहे करपतायत (तुझ्या करपलेल्या पोह्यांवर सहा खंड सहज होतील). बिश्नव ईन नय. ऐक, ही नय, बोरूची बासरी, काय म्हणते. आणि त्यावरून आपलं ते भांडण! माझ्या पुस्तकात नय आधी हिकायत, म्हणजे गोष्ट, सांगायची आणि मग ताटातुटीची शिकायत, म्हणजे तक्रार, करायची. तू म्हणालीस साफ चूक, रूमी राहिला त्या तुर्कीतल्या कोन्याला १२७८ ची प्रत आहे, रूमी गेल्यावर पाच वर्षांतच उतरवलेली, तिच्यात शिकायत आधी आहे आणि ताटातुटीची हिकायत नंतर. मी म्हटलं दोन शब्द इकडचे तिकडे, काय फरक पडतो? दोन दिवस बोलली नव्हतीस.

फरक पडतो मंजे. मी शिकायतीपाशीच अडकले होते, पुढची हिकायत ऐकायला थांबलेच नाही कधी.

पिशवी हातातून घेतली नाही. चपलांच्या रॅकशेजारी खाली बसले आणि विचारलं, "कुठलं घर, अण्णा?" तर ते बोलायलाच लागले. पडवीतल्या झोपाळ्याची उजवी कडी करकरायची, आजी तिला खोबरेल लावायची. थोरले काका पायरहाट फिरवायचे, पाणी पन्हळीतून पोफळींना जायचं. चौदाव्या वर्षी शिकायला मुंबईला धाडलं तेव्हा बोटीत चढताना आजी म्हणाली, मागे बघू नको. नाही बघितलं म्हणाले. इतक्या वर्षांत हे एकदाही बोलले नव्हते! बोरूच्या बेटातून मला कापून आणलं तेव्हापासून, असं ती नयसुद्धा म्हणते ना. रूमी तरी कोण, अफगाणिस्तानातल्या बल्खकडून लहानपणीच निघालेला, आई कोन्याला पोचण्याआधी वाटेत लारंदेलाच वारली, आणि नाव पडलं ते आला त्या रूम मुलखाचं. तू ते शरहा शरहा (चिंध्या चिंध्या) आणि शर्ह (उलगडून सांगणं) समजावलं होतंस, विरहाने चिंध्या झालेली छाती हवी म्हणजे दुखणं उलगडून सांगता येईल. तेव्हा मला ती नुसती शब्दांची कसरत वाटली होती.

शुक्रवारी परत पिशवी भरलीच. आता माझ्या डोक्यात आहे की त्यांना एकदा गावाला न्यावं, पण घर विकलेलं, तिथे स्लॅब पडलाय, झोपाळा कुठला आणि पोफळी कुठल्या. दादा म्हणतो नेऊन जास्त बिघडेल. न न्यावं तर रोज दारात ते उभे. मला ठरवता येत नाहीये, तू खरं काय ते सांग, माझं मन राखू नको.

तुझी बदली झाली का? लेकीची दहावी ना यंदा, तिला ओरडू नको. गुडघ्याचं दाखवलंस का?

आणि ते मसनवीच्या सुरुवातीचे १८ बैत, त्या दोन-दोन ओळी, तुझ्या आवाजात रेकॉर्ड करून पाठव. अण्णांना फारसी कळणार नाही, पण तुझा आवाज ओळखतात अजून. दिवे लागायच्या आत पाठव.

तुझी
शुभा