दुर्लक्ष प्रेक्षकांचे की वेळापत्रकाचे?

गेल्या वर्षातील दुर्लक्षित चित्रपटांविषयीचा रविवार पुरवणीतील लेख वाचला. निवड चांगली, पण प्रेक्षकांच्या उदासीनतेला दिलेला दोष पटला नाही. डोंगरगावात (जि. चंद्रपूर) स्थानिक माणसांना घेऊन केलेला ‘स्थळ’ हा मराठी चित्रपट टोरांटो महोत्सवातील ‘नेटपॅक’ या आशियाई चित्रपटांसाठीच्या पुरस्कारानंतर मार्च २०२५ मध्ये चित्रपटगृहांत आला, तेव्हा ‘छावा’ या हिंदी चित्रपटाची घोडदौड सुरू होती. अमेरिकेतील सनडान्स महोत्सवाचे ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळवणारा ‘साबर बोंडं’ही सप्टेंबरमध्ये आला, तो किती जणांना ठाऊक आहे?

२०१५ मध्ये मल्टिप्लेक्समधील मराठी चित्रपटाच्या सक्तीच्या खेळासाठी दुपारी १२ ते रात्री ९ ही वेळ ठरली. म्हणजे मंगळवारी भर दुपारी खेळ लावला तरी नियम पाळला जातो! नोकरदार तेव्हा येणार कसा? शिवाय जाहिरातीला पैसा नसलेला चित्रपट तोंडी शिफारशीवर चालतो आणि ती पसरायला ८-१० दिवस लागतात. खेळ मात्र शनिवार-रविवारचा गल्ला पाहून सोमवारपासूनच कापले जातात. अशा चित्रपटाला एका पडद्यावर संध्याकाळी ७ चा एकच खेळ सलग दोन आठवडे द्यावा आणि मग गल्ला मोजावा.

– एक वाचक, चंद्रपूर