सुक्या कचऱ्याला स्वयंपाकघरात हक्काची जागा हवी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवा, असे आवाहन वृत्तपत्रांतून वारंवार केले जाते आणि ते सर्वस्वी योग्य आहे. मात्र वेगळा केलेला सुका कचरा पुढे नेला जाईपर्यंत, म्हणजे कधी आठवडाभर तर कधी पंधरा दिवस, घरात नेमका कुठे ठेवायचा, हा प्रश्न त्या आवाहनांत क्वचितच येतो. ज्यांचे स्वयंपाकघर ऐसपैस आहे त्यांना तो पडतही नसेल. पण जेथे एक जण ओट्यापाशी उभा असताना दुसऱ्याला फ्रिजचे दार उघडता येत नाही, तेथे तो रोज पडतो. कित्येक घरांत वर्गीकरण सुरू होऊन महिन्याभरात बंद पडते, त्याचे मुख्य कारण जागेची अडचण हेच असावे, असे माझे मत आहे. मी अशाच स्वयंपाकघरात गेली अनेक वर्षे वावरते आहे. तेथे काय साधले आणि काय फसले ते वाचकांपुढे ठेवावे, म्हणून हे पत्र.

प्रथम एक हिशेब मांडते, कारण तो केल्यावरच माझी स्वतःची सवय बदलली. एक लिटर पाण्याची पातळ प्लास्टिकची रिकामी बाटली वजनाला सुमारे २५ ग्रॅम भरते. ज्या प्लास्टिकची ती बनते त्याला पेट म्हणतात आणि त्याची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे १.३८ ग्रॅम असते. म्हणजे त्या बाटलीतले खरे प्लास्टिक अवघे १८ घनसेंटिमीटर, चहाचे चार चमचेही होणार नाही इतके. बाकी लिटरभर जागा हवेने व्यापलेली असते. पुठ्ठ्याच्या खोक्याचीही तीच गत आहे. ३० सेंटिमीटर लांब, २० सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच खोके ९ लिटर जागा अडवते. त्याच्या चिकटपट्ट्या कापून ते चपटे केले, की साधारण ५० सेंटिमीटर लांबीचा, ३५ सेंटिमीटर रुंदीचा आणि पाऊण सेंटिमीटर जाडीचा तक्ता उरतो, ज्याला सव्वा लिटरच्या आसपास जागा पुरते आणि जो भिंतीला टेकवून उभा राहतो. ओट्याखाली ठेवलेल्या पिशव्या मी एकदा रिकाम्या करून त्यांतली प्रत्येक वस्तू दाबून परत भरली, तेव्हा तीन पिशव्यांतला ऐवज एका पिशवीत मावला. इतके दिवस मी घरात कचऱ्यापेक्षा हवाच अधिक साठवत होते.

ही हवा काढण्याचे काम वस्तू रिकामी झाली की लगेच, त्याच हाताने केले पाहिजे. आठवड्याच्या शेवटी एकदम करू म्हटले तर ते होत नाही, हे मी अनुभवाने सांगते. बाटली आडवी धरून दाबावी आणि दाबलेल्या स्थितीतच झाकण घट्ट लावावे, म्हणजे हवा परत आत शिरत नाही आणि बाटली पुन्हा फुगत नाही. झाकण वेगळे काढून ठेवण्याची गरज नसते. अशी झाकणे बहुधा पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएथिलीन या हलक्या प्लास्टिकची असतात, ती पाण्यावर तरंगतात, तर पेट बुडते. कारखान्यात तुकडे करून पाण्यात सोडल्यावर दोन्ही आपोआप वेगळे होतात. उलट सुटे झाकण एवढे लहान असते, की वर्गीकरणाच्या यंत्रांच्या चाळणीतून ते खाली पडून नको असलेल्या मालात जाते. पेयांच्या थरदार खोक्यांचे दुमडलेले चारही कान उघडून ती सपाट करावीत. धातूच्या डब्यांबाबत मात्र एक पथ्य आहे: जेथे सगळा सुका कचरा एकत्र नेऊन यंत्रावर निवडला जातो, तेथे चकतीसारखा चपटा केलेला डबा कागदाच्या प्रवाहात जाण्याचा संभव असतो, म्हणून तो बाजूने थोडा चेपणे पुरेसे आहे.

दुसरा शत्रू पाणी, आणि त्याने माझे मोठे नुकसान केले आहे. जागा दुसरीकडे नाही म्हणून मी सिंकखालच्या कपाटात रद्दी रचून ठेवत असे. सांडपाण्याच्या नळीचा सांधा थेंबथेंब गळत होता, ते मला पुढच्या रद्दीमुळे दिसलेच नाही. कुबट वास येऊ लागला तेव्हा सगळे बाहेर काढले, तर तळाचा गठ्ठा लगदा होऊन फळीला चिकटलेला होता आणि वरच्या कागदांवर काळी बुरशी धरलेली होती. महिन्याभराचा स्वच्छ, कोरडा कागद मी स्वतःच्या हाताने फेकून दिला, त्याची हळहळ मला अजूनही आहे. सिंकखालची जागा बहुतेक घरांत कचऱ्यासाठी ठरलेली असते, पण स्वयंपाकघरातली तीच सर्वांत दमट जागा असते. तेथे प्लास्टिक आणि धातू ठेवावा, तोही तळाशी पाणी साचणार नाही अशा जाळीच्या टोपलीत; कागद आणि पुठ्ठा तेथे कदापि ठेवू नये. फ्रिज आणि भिंत यांच्यामधली फट चपट्या पुठ्ठ्यासाठी अगदी मापाची वाटते, तीही टाळावी, कारण फ्रिज आतली उष्णता मागच्या किंवा बाजूच्या पृष्ठभागावाटे बाहेर टाकतो आणि ती वाट बंद झाली की त्याचे यंत्र अधिक वेळ चालत राहते. शेगडीजवळ कागद नको, हे तर उघडच आहे.

वस्तू धुवून ठेवाव्यात, असे सांगितले, की पाणी वाया जाते अशी तक्रार ऐकू येते. ती तक्रार रास्त आहे, म्हणूनच त्यासाठी नवे पाणी घेऊ नये. भांडी घासून झाल्यावर उरलेल्या पाण्यात डबे आणि बाटल्या विसळल्या तरी पुरे; त्या आरशासारख्या चकचकीत व्हाव्यात अशी कोणाचीच अपेक्षा नसते, अन्नाचा अंश आणि वास जाणे एवढाच हेतू असतो. खरे महत्त्व विसळण्याइतकेच निथळण्याला आहे. ओल्या बाटल्या बंद पिशवीत टाकल्या की दोन दिवसांत वास सुटतो, आणि गोड पेयाचा थोडासा अंशही आंबू लागला की चिलटे येतात. उबदार हवेत चिलटांची नवी पिढी सुमारे दहा दिवसांत तयार होते. ज्या घरातून सुका कचरा पंधरा दिवसांनी उचलला जातो, तेथे तेवढ्या अवधीत अंड्यांपासून उडत्या चिलटांपर्यंतचा सगळा प्रवास त्याच पिशवीत पार पडू शकतो. झुरळांना अरुंद, अंधाऱ्या फटी आवडतात आणि नागमोडी थराच्या पुठ्ठ्यात अशा फटी हव्या तितक्या असतात, म्हणून चपटा केलेला पुठ्ठाही स्वयंपाकघरात फार दिवस मुरू देऊ नये. घरात दुसरी खोली असेल तर तो तेथे न्यावा.

तेलाच्या बाटलीचा प्रश्न सर्वांत बिकट असतो. ती आधी रात्रभर उपडी ठेवून निथळावी, मग झाकण घट्ट लावून इतर प्लास्टिकबरोबर ठेवावी, पण कागदाच्या आसपास येऊ देऊ नये. रद्दीचा पुन्हा कागद करताना ती पाण्यात घुसळून तिचा लगदा करतात. तेल त्या तंतूंना धरून राहते, पाण्याने निघत नाही, आणि नव्या कागदावर डाग व कच्च्या जागा सोडते. तेलकट वेष्टणाचा एक बोळा चांगल्या रद्दीत मिसळला तर आसपासचे कागदही तेलकट होतात. तेलकट, चिकट कागद रद्दीत घालू नये. तो भाग फाडून बाजूला काढावा आणि कोरडा भाग ठेवावा.

काचेला दाबता येत नाही, म्हणून तिच्यासाठी छोट्या घरात वेगळा विचार लागतो. काच वितळवून पुन्हा पुन्हा वापरता येते आणि तरीही तिचा दर्जा खालावत नाही, हा तिचा मोठाच गुण आहे, त्यामुळे जागा खाते म्हणून तिला इतर कचऱ्यात ढकलणे मनाला पटत नाही. बरण्या आणि बाटल्या नेहमी जमिनीलगत, कडक कडांच्या खोक्यात उभ्या ठेवाव्यात, पिशवीत नव्हे. उष्णतारोधक काचेची भांडी, आरसे आणि चिनी मातीचे तुकडे त्यांत मिसळू नयेत, कारण त्यांचे घटक आणि वितळण्याचे तापमान वेगळे असते. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून, वर ठळक अक्षरांत लिहूनच द्यावी. आपण ठेवलेल्या वस्तू पुढे कोणीतरी हाताने निवडणार आहे, हे बाटली टाकताना आठवले पाहिजे. त्याच कारणाने बॅटऱ्याही वेगळ्या ठेवाव्यात. लिथियमच्या बॅटऱ्या दाबल्या गेल्या किंवा त्यांची दोन टोके धातूने जोडली गेली तर पेट घेऊ शकतात. टोकांवर चिकटपट्टी लावून त्या छोट्या बंद डबीत, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा उंचीवर ठेवाव्यात. बटणासारखी चपटी बॅटरी मुलाने गिळली तर दोन तासांत अन्ननलिका गंभीर भाजू शकते. अशा बॅटऱ्या खणात मोकळ्या पडू देणे धोक्याचे आहे.

आता डबे किती असावेत, याविषयी. बाजारात रंगीबेरंगी चार-पाच डब्यांचे संच मिळतात, परंतु लहान स्वयंपाकघरात ते पायात येतात आणि दोन-तीन महिन्यांत त्यांतले निम्मे दुसऱ्याच कामाला लागतात. माझ्या घरी कागद-पुठ्ठ्यासाठी एक आणि प्लास्टिक-धातूसाठी एक, एवढ्या दोन जागा पुरतात. काचेचे खोके तिसरे, पण ते दाराआड मावते. जमिनीवरची जागा अपुरी असली तरी भिंती आणि दारांच्या आतल्या बाजू बहुधा मोकळ्या असतात. कपाटाच्या दाराला आतून लावलेली कापडी पिशवी किंवा दाराआडच्या खुंटीला अडकवलेली उभी, अरुंद झोळी आठवड्याचे दाबलेले प्लास्टिक सहज सांभाळते. मात्र पिशवी झाकण नसलेली आणि एका हाताने भरता येईल अशी हवी. दुसरा हात बहुधा ओला असतो किंवा कशात तरी गुंतलेला असतो, आणि जे एका हाताने होत नाही ते स्वयंपाकाच्या घाईत राहून जाते. आकार ठरवण्याआधी एक आठवडाभर घरातला सुका कचरा दाबून साठवून पाहावा आणि तो नेण्याच्या दोन फेऱ्यांत किती दिवस जातात त्याने गुणावे. दुकानात उभे राहून केलेला अंदाज चुकतोच.

जे कोणी नेणारच नाही ते न साठवणे, हाही जागा वाचवण्याचा एक उपाय आहे. प्लास्टिकच्या वस्तूंवर त्रिकोणात १ ते ७ पैकी जो आकडा असतो तो पुष्कळांना पुनर्वापराचे अभिवचन वाटतो. अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने १९८८ साली तो सुरू केला तो केवळ प्लास्टिकचा प्रकार कळावा म्हणून. बाणांच्या त्रिकोणामुळे होणारा गैरसमज टाळण्यासाठी २०१३ साली त्या मानकात बाणांऐवजी भरीव त्रिकोण आला, पण जुने चिन्ह अजून सर्रास दिसते. १ आणि २ या आकड्यांच्या बाटल्यांना बहुतेक ठिकाणी मागणी असते. अनेक थर चिकटवलेली चकचकीत वेष्टणे, उष्णतेने छापलेल्या पावत्या, काळे प्लास्टिक यांची गोष्ट वेगळी. वर्गीकरणाचे यंत्र वस्तूवरून परत येणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशावरून प्लास्टिक ओळखते; काळ्या रंगातला काजळी कार्बन तो प्रकाश शोषून घेतो आणि यंत्राला ती वस्तू ओळखताच येत नाही. आपल्याकडून कचरा नेणाऱ्यांना एकदा नीट विचारून, ते काय घेतात याची यादी कपाटाच्या दारावर आतून चिकटवावी. घरातल्या सर्वांना, पाहुण्यांनाही, तिचा उपयोग होतो.

एवढे सगळे करूनही एक गोष्ट घरातल्या माणसाच्या हातात नसते, ती म्हणजे स्वयंपाकघराचा आराखडा. मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या वास्तुविशारद बाईंनी १९२६ साली फ्रँकफर्ट शहरातल्या सामाजिक गृहयोजनेसाठी सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब स्वयंपाकघर आखले. साडेसहा चौरस मीटरच्या त्या खोलीत प्रत्येक हालचालीचा विचार होता आणि ओट्यातच साली व देठे ढकलण्यासाठी, बाहेर काढून रिकामा करता येणारा खण होता. म्हणजे लहान जागेतही टाकाऊ वस्तूचे स्थान आधीच ठरवता येते, हे शंभर वर्षांपूर्वी सिद्ध झाले आहे. त्या काळी घरात आजच्यासारख्या बाटल्या आणि वेष्टणे येत नव्हती. आज येतात, आणि तरीही नवी स्वयंपाकघरे आखताना त्यांच्यासाठी खण सोडला जात नाही. ते अशक्य मुळीच नाही. ब्रिटनमध्ये २००७ ते २०१५ या काळात लागू असलेल्या, नवी घरे पर्यावरणाला कितपत अनुकूल आहेत हे गुण देऊन ठरवणाऱ्या शाश्वत घरांच्या संहितेत, घरात पुनर्वापराच्या वस्तूंसाठी किमान ३० लिटरची आणि त्यातला एकही डबा ७ लिटरपेक्षा लहान नसलेली, वाटेत न येणारी निश्चित जागा ठेवल्यास गुण मिळत. ३० लिटर म्हणजे ओट्याखालचा एक खण. संपूर्ण स्वयंपाकघर बांधून झाल्यावर ती जागा शोधणे फार अवघड जाते, कागदावर असताना ती एका रेघेने मिळते.

महोदय, आपल्या पुरवणीत नव्या घरांची आणि स्वयंपाकघरांची छायाचित्रे व आराखडे छापले जातात. त्यांत फ्रिज, शेगडी, सिंक, मसाल्यांची मांडणी, सगळे दाखवलेले असते; सुका कचरा कुठे ठेवायचा ते मला आजवर एकाही आराखड्यात दिसलेले नाही. यापुढे असा आराखडा छापताना तो आखणाऱ्यांना ही जागा दाखवायला सांगावे, एवढीच माझी विनंती आहे.

आपली नम्र,
एक नियमित वाचक