आकडा मोठा, भोक लहान

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत नवशिक्यांसाठी कॅमेऱ्यातल्या शब्दांची ओळख करून देणारा लेख आला. माझी नात ते पान घेऊन आली आणि म्हणाली, "आजोबा, हे बरोबर आहे का?" लेखात छापलंय की एफचा आकडा जितका मोठा, तितकं अ‍ॅपर्चर मोठं. नेमकं उलटं आहे: आकडा मोठा, तर लेन्समधलं उजेड आत सोडणारं हे भोक लहान. मिरजेत चाळीस वर्षं स्टुडिओ चालवला, म्हणून राहवलं नाही.

एफचा आकडा हा भागाकार आहे. लेन्सच्या फोकल लेंग्थला (लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेल्या आकड्याला) एफच्या आकड्याने भागलं की भोकाचा व्यास येतो. ५० मिलिमीटरच्या लेन्सला एफ २ म्हणजे २५ मिलिमीटरचं भोक, एफ १६ म्हणजे जेमतेम ३. एफ ४ म्हणजे पाव, एफ २ म्हणजे अर्धा; पाव किलोपेक्षा अर्धा किलो जास्त, हे ज्याला कळतं त्याला एफ कळायला हरकत नाही.

दुसरं म्हणजे लेखात अ‍ॅपर्चर, शटर (उजेड किती वेळ आत येतो) आणि आयएसओ (रोल किंवा सेन्सर उजेडाला किती संवेदनशील) अशा तीन चौकटी वेगवेगळ्या दिल्यात. या तिघांना सुटं शिकवलं की पोरगं फसतं. मीही फसलो होतो. उमेदवारीच्या काळात उस्तादांनी एका शाळेचा ग्रुप फोटो काढायला धाडलं. हातात याशिका कॅमेरा, १०० आयएसओचा रोल, आभाळ भरलेलं. मुलं चुळबुळ करणार म्हणून शटर २५० ला (सेकंदाचा अडीचशेवा भाग) ठेवलं आणि उजेड पुरावा म्हणून भोक ४ ला उघडलं. तेव्हा लगेच बघायची सोय कुठली? रात्री रोल धुतला तर पुढच्या ओळी एकदम स्पष्ट, आणि मागच्या दोन ओळींतल्या मुलांची तोंडं पिठात बुडवल्यासारखी धूसर. त्यात हेडमास्तरही मागेच उभे!

उस्ताद ओरडले नाहीत. म्हणाले, ४ ला २५०, ५.६ ला १२५, ८ ला ६०, ११ ला ३०. उजेड सगळीकडे तेवढाच. मग ग्रुपला ११ का नाही घेतलंस? स्टँड लाव, दुसऱ्या ओळीवर फोकस कर आणि "हलू नका रे" म्हणून दम भर.

भोक लहान केल्यावर मागचं स्पष्ट का दिसतं, हे लेखात नाहीच. लांबचा चष्मा लावणाऱ्याने तो काढून एसटी स्टँडवर उभं राहावं. गाडीची पाटी वाचता येत नाही. आता मूठ वळून, बोटांमध्ये बारीक फट ठेवून त्यातून बघा. पाटी वाचता येते, फक्त उजेड जरा कमी. एफ १६ म्हणजे हेच.

आयएसओवर जास्त लिहीत नाही. ती आमच्या जुन्या रोलवरची 'एएसए'च; आकडा दुप्पट केला की निम्म्या उजेडात काम भागतं, पण फोटोत दाणे येतात. मोबाइलवाल्यांसाठी एवढंच की बहुतेक फोनांत भोक कायमचं ठरलेलं असतं; पोर्ट्रेटमध्ये मागचं जे धूसर होतं, ती बरीचशी सॉफ्टवेअरची करामत. म्हणून कधीकधी कानामागची बटही त्यात गायब होते.

दुरुस्ती जरूर छापा. फक्त आतल्या पानाच्या तळाशी बारीक टायपात नको, नाहीतर मला पुन्हा मुठीतून बघावं लागेल.

आपला,
एक निवृत्त फोटोग्राफर, मिरज