जखमी घार खोक्यात ठेवू नका

संपादक महोदय,

संक्रांतीला आमच्या सोसायटीत मांजाने पंख कापलेली घार पडली, मुलांनी पाच दिवस खोक्यात ठेवली, पायाला सुतळी बांधून दूध-पाव भरवला, शेवटी गेली बिचारी. हेतू चांगलाच होता हो, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार घार, ससाणा, घुबड घरी पाळणं गुन्हा आहे हे एकाही मोठ्या माणसाला माहीत नव्हतं, मलाही नाही. दुबईत ससाणा पाळतात पण त्याच्या पायात नोंदणीची रिंग आणि परदेशी नेताना पासपोर्ट लागतो, आपल्याकडे सरळ बंदी आणि ती मला पटते. फक्त वन विभागाने १९२६ हा हेल्पलाइन नंबर जानेवारीच्या आधी प्रत्येक सोसायटीच्या नोटीस बोर्डवर लावावा, म्हणजे पक्षी वेळेत डॉक्टरकडे तरी पोचेल.

- एक वाचक, ठाणे