फुल्ली दिसली म्हणून स्टार लावू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जुने रेडिओ घरी दुरुस्त करायच्या छंदावर आलेलं वाचलं, मस्त होतं, पण "घरातला कुठलाही स्क्रूड्रायव्हर चालतो" हे वाक्य काही पटलं नाही बुवा. कारण त्याच "कुठल्याही"ने मी मामाने दुबईहून आणलेल्या जपानी टू-इन-वनची वाट लावलीय, फुटपाथवरून घेतलेला तीस तुकड्यांचा किट होता, मागचे सहापैकी दोन स्क्रू असे गोल झाले की आता धरायलाच काही नाही.

आपण स्क्रूच्या डोक्यावर फुल्ली दिसली की सगळ्यालाच स्टार म्हणतो, तिथेच घोळ आहे. नेहमीचा असतो तो फिलिप्स, 1936 च्या अमेरिकन पेटंटवाल्या हेन्री फिलिप्सच्या नावाचा (आपल्या रेडिओवाल्या फिलिप्सचा काही संबंध नाही, मला वर्षानुवर्षं तसंच वाटायचं). पण जुन्या जपानी डेक-टेपमधली फुल्ली जेआयएसची, म्हणजे जपानच्या स्वतःच्या औद्योगिक मानकाची, तिची खाच थोडी वेगळी, त्यात फिलिप्सचं टोक नीट तळाला बसत नाही, जोर दिला की वर उसळतं आणि डोकं खरवडून निघतं. पुष्कळदा अशा स्क्रूच्या डोक्यावर एका बाजूला बारीक ठिपका असतो, तो दिसला की थांबायचं. जपानच्या व्हेसल कंपनीचे जेआयएसला बसणारे स्क्रूड्रायव्हर मिळतात, एक नंबर आणि दोन नंबर मापाचे असे दोन घेतले तरी बहुतेक कामं होतात.

आमच्या ठाण्यात बनायचे तसल्या मर्फीच्या व्हॉल्व्ह सेटला मात्र साधी सरळ खाच, तिथे पातं खाचेएवढंच रुंद आणि जाड हवं, पाचरीसारखं निमुळतं नको, आणि त्यासाठी आपल्या नाशिकची टपारिया उत्तम. यातले काही सेट बिनट्रान्सफॉर्मरचे, म्हणजे चासीवरच (आतल्या पत्र्याच्या सांगाड्यावर) 230 व्होल्ट येऊ शकतात, आणि प्लग काढला तरी आतला फिल्टर कपॅसिटर वीज साठवून धरून बसतो, तेव्हा मूठ इन्सुलेटेड हवीच.

आयएफटी, म्हणजे रेडिओतली स्टेशनचा सिग्नल निवडणारी छोटी कॉइल, तिचा आतला कोर फिरवून जुळवताना लोखंडी टोक अजिबात नको. जवळ नेलं की 455 किलोहर्ट्झचं ट्यूनिंग सरकतं, काढून घेतलं की परत भलतीकडे, वर फेराइटचा कोर तडकला तर आत अडकूनच बसतो. मी प्लॅस्टिकची विणायची सुई पॉलिश पेपरवर घासून पातं केलंय, बायकोला अजून कळलेलं नाही.

आणि तारा कापायचा कटर चांगला घेतलात तर लपवून ठेवा. तो फक्त तांब्याच्या मऊ तारेसाठी असतो, माझ्या नातवाने त्याने सायकलची ब्रेक केबल कापली, आता धारेला खाच पडलीय आणि सुट्या भागांचे तारेचे पाय कापायला गेलं की तार त्या खाचेतच घुसते.

टू-इन-वनचे ते दोन स्क्रू अजून तसेच आहेत, दिवाळीनंतर ड्रिल लावून डोकी उडवणार.

आपला,
एक जुना वाचक, ठाणे