विदूषकाचा वेष आणि ‘ऑक्टोपसी’

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतल्या बॉण्डपटांवरील लेखात ‘ऑक्टोपसी’ची (१९८३) एका वाक्यात बोळवण झाली आहे : बॉण्ड झालेल्या रॉजर मूरला विदूषक करणारा सिनेमा. मला वाटतं, त्याच विदूषकामुळे तो पुन्हा पाहावा.

त्यातल्या उदयपूरची मी वकिली करणार नाही. ताजमहाल दिसतो न दिसतो तोच उदयपूरचा घाट, घाटावर गारुडी, रस्त्यात खिळ्यांवर पहुडलेला साधू, आणि आपल्याच भारतीय साथीदाराच्या हातावर नोटा ठेवून बॉण्डने मारलेला करीचा विनोद. आज पाहताना कानशिलं तापतात. सांगलीला कॉलेजात असताना पाहिला तेव्हा मात्र आम्ही शिट्ट्या मारत होतो. टेनिसपटू विजय अमृतराज टेनिसच्या रॅकेटने गुंडांना फटकावतो आणि रस्त्यावरची गर्दी सामना पाहिल्यासारखी माना इकडून तिकडे वळवते, तिथे तर थिएटर डोक्यावर घेतलं होतं. आणि कबीर बेदी! उडत्या विमानाच्या टपावरून बॉण्डला धरून आण, असा हुकूम सुटल्यावर त्याने रंगवलेल्या, खलनायकाच्या धिप्पाड हस्तकाचा, गोविंदाचा चेहरा क्षणभर कसा पडतो ते पाहाच.

पण गोष्ट पश्चिम जर्मनीत पोचते आणि सिनेमाचा सूरच बदलतो. सोव्हिएत जनरल ऑर्लोव्हने अमेरिकी हवाई तळावरच्या सर्कशीत, तोफेच्या बैठकीत अणुबॉम्ब दडवलाय. स्फोट झाला की जग म्हणणार, अमेरिकेचाच बॉम्ब चुकून फुटला. मग युरोपातले लोकच अण्वस्त्रं हटवायला लावतील आणि रशियन रणगाड्यांना रान मोकळं. सिनेमा आला जूनमध्ये. त्याच ऑक्टोबरात अमेरिकेच्या पर्शिंग अण्वस्त्र-क्षेपणास्त्रांविरुद्ध पश्चिम जर्मनीत लाखो माणसं रस्त्यावर उतरली. लेखात याबद्दल चकार शब्द नाही.

त्या सर्कशीपर्यंत पोचताना बॉण्डची जी फरफट होते, ती या मालिकेत विरळाच. टवाळ पोरं गाडी थांबवतात आणि तो जवळ आला की पळवतात. फोन करायला जावं, तर बूथ एका बाईने अडवलेला. एकही जादुई यंत्र कामाला येत नाही. ५५ वर्षांचा मूर इथे खरोखर दमलेला दिसतो.

शेवटी तळावर शिरायला विदूषकाचा वेष : लाल नाक, रंगवलेलं तोंड. (एवढ्या घाईत इतका रंग फासला कधी, हे विचारू नये.) तो जीव तोडून सांगतोय, तोफेत बॉम्ब आहे, आणि तंबूतली माणसं पोट धरून हसताहेत. पण बॉण्डचा सहकारी हेर ००९ सुरुवातीलाच विदूषकाच्या वेषात, पाठीत सुरी घेऊन मेलेला आपण पाहिलेला असतो. सांगलीच्या त्या थिएटरात, मघाशी शिट्ट्या मारणारे आम्ही तेव्हा चिडीचूप होतो.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली